स्वतः बांधलेल्या लिनक्सवर वायफाय लागत नाही: कर्नल पुन्हा कंपाइल करण्याआधी काय बघायचं

सिस्टिम बूट झाली, लॉगिन आलं, कीबोर्ड, माउस, आवाज सगळं जागच्या जागी, आणि वायफाय तेवढं नाही. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच (पुस्तकात बघून सगळं स्वतः बांधायचं लिनक्स) असो, जेंटू असो, की डेबियनवर हाताने कंपाइल केलेला कर्नल (सिस्टिमचा गाभा) असो, हा दोष मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. कधी स्वतःच्या मशिनवर, कधी मित्रांच्या जुन्या लॅपटॉपवर, कधी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या प्रोजेक्टवर. वाईट याचं वाटतं की बहुतेक जण पहिल्याच तासात कर्नल पुन्हा कंपाइल करायला घेतात. जुन्या मशिनवर त्यात अर्धा दिवस जातो आणि शेवटी कळतं की कर्नल बरोबरच होता, फर्मवेअरची (वायफाय चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) एक फाइल तेवढी नव्हती. म्हणून खालची तपासणी या क्रमाने लावली आहे: फुकटात आणि दोन मिनिटांत होणारं आधी, स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

एक सूचना. कमांड, फाइलींची नावं आणि लॉगमधले संदेश मी इथे उच्चारावरून देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे. ‘कॉन्फिग’ने सुरू होणारी नावं कर्नलच्या सेटिंगमधली आहेत, ती तिथे मोठ्या अक्षरांत दिसतील.

लक्षणं

आधी आपलं लक्षण यातलं नेमकं कोणतं ते ठरवा.

- ‘आयपी लिंक’ दिल्यावर फक्त ‘एलओ’ (मशिनचा स्वतःशीच बोलणारा इंटरफेस) आणि इथरनेट दिसतं. ‘डब्ल्यूलॅन०’ किंवा ‘डब्ल्यूएलपी३एस०’ अशा नावाचं काहीच नाही.
- इंटरफेस आहे, पण चालू करायला गेलं की ‘ऑपरेशन नॉट पॉसिबल ड्यू टू आरएफ-किल’ असं उत्तर येतं.
- स्कॅनमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात, पण आपल्या नेटवर्कशी जोडणी टिकत नाही.
- जोडणी होते, आयपी पत्ता मिळत नाही. किंवा पत्ताही मिळतो, पण एकही साइट उघडत नाही.
- २.४ गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क दिसतं, त्याच राउटरचं ५ गिगाहर्ट्‌झचं दिसत नाही.
- सगळं चालतं, पण मधूनमधून तुटतं, किंवा लॅपटॉप झोपवून उठवला की वायफाय गायब.

यामागे एक साखळी आहे. कार्ड बसवर (मदरबोर्डशी जोडणाऱ्या पीसीआय किंवा यूएसबी मार्गावर) दिसायला हवं, त्याला ड्रायव्हर मिळायला हवा, ड्रायव्हरला फर्मवेअर मिळायला हवं. मग राउटरशी पासवर्डची बोलणी करायला ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ किंवा ‘आयडब्ल्यूडी’ हवा, आणि शेवटी पत्ता मागायला डीएचसीपी क्लायंट. उबुंटू, फेडोरा ही साखळी आयती देतात. आपण सिस्टिम स्वतः बांधली की प्रत्येक कडी आपल्यालाच घालावी लागते. पहिलं लक्षण असेल तर दोष पहिल्या तीन कड्यांत आहे. स्कॅन होत असेल तर त्या तिन्ही शाबूत आहेत, तिकडे हात लावू नका.

कामाला बसण्याआधी नेटची तात्पुरती सोय करून ठेवा. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. कर्नलमध्ये ‘कॉन्फिग_यूएसबी_यूएसबीनेट’ आणि ‘कॉन्फिग_यूएसबी_नेट_आरएनडीआयएस_होस्ट’ असतील तर ‘यूएसबी०’ किंवा ‘ईएन’ने सुरू होणारा नवा इंटरफेस लगेच दिसतो. काही नव्या फोनना ‘सीडीसी एनसीएम’चा ड्रायव्हर लागतो, आयफोनला ‘कॉन्फिग_यूएसबी_आयपीहेथ’. स्वतः कर्नल बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हे सगळे पर्याय पहिल्याच दिवशी चालू करायला सांगतो. वायफाय नसताना फर्मवेअर उतरवायचं कुठून, हा प्रश्न मग उरत नाही.

मशिन खरोखर बंद करा, मग आरएफकिल बघा

विंडोजसोबत डुअल बूट असेल तर इथूनच सुरुवात करा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही ते पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं. कार्ड त्याच अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं आणि काही कार्डं मग जागीच होत नाहीत. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा, किंवा ते सेटिंगच काढून टाका.

मग ‘आरएफकिल लिस्ट’. आरएफकिल म्हणजे वायरलेस बंद-चालू करणारी कर्नलमधली सोय. ही कमांड युटिल-लिनक्समध्येच येते, त्यामुळे ती बहुधा तुमच्याकडे असते. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ दिलं की काम झालं. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर सॉफ्टवेअरमधून ते उठत नाही: लॅपटॉपच्या कडेची सरकती कळ किंवा एफएनसोबतचं विमानाचं बटण शोधा. काही लॅपटॉपना अशी कळच नसते, तरी हार्ड ब्लॉक दिसतो. तिथे लॅपटॉपच्या खास बटणांसाठीचं मॉड्यूल (कर्नलचा वेगळा लोड होणारा तुकडा) चुकीची खूण वाचत असतं. ‘एलएसमॉड’ लोड झालेली मॉड्यूल दाखवतं. त्याच्या यादीत ‘डब्ल्यूएमआय’ किंवा ‘लॅपटॉप’ हा शब्द असलेलं मॉड्यूल शोधा, तात्पुरतं काढा आणि पुन्हा बघा.

‘डेव्ह’मधली ‘आरएफकिल’ फाइलच उघडता येत नाही असं उत्तर आलं तर कर्नलमध्ये ‘कॉन्फिग_आरएफकिल’ नाही. ते लिहून ठेवा, पण कंपाइल आत्ता करू नका. अजून काय काय राहिलंय ते एकदमच कळू द्या.

लाइव्ह यूएसबी

ही तपासणी लोक टाळतात, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. कोणत्याही मोठ्या डिस्ट्रोची (उबुंटू, फेडोरासारख्या तयार लिनक्सची) ताजी प्रतिमा पेनड्राइव्हवर घाला आणि तिच्यातून बूट करा. डेबियन वापरायचं तर १२ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या: २०२३ साली आलेल्या १२ पासून अमुक्त फर्मवेअर अधिकृत प्रतिमांमध्येच येतं. त्याआधीच्या प्रतिमेवर वायफाय चाललं नाही तर त्यावरून कार्डाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

लाइव्हमध्ये वायफाय लागलं, की कार्ड, ॲंटेना, बायोस सगळं निर्दोष सुटलं. स्क्रू ड्रायव्हर कपाटात ठेवा. आता तिथे बसूनच तीन गोष्टी टिपून घ्या: ‘एलएसपीसीआय -एनएनके’ मधली कार्डाची नोंद, ‘एलएसमॉड’ची पूर्ण यादी, आणि ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) फर्मवेअरचा उल्लेख असलेल्या ओळी. नेमकं कुठलं फर्मवेअर लोड झालं हे तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. मात्र यादी घेताना वायफाय जोडलेलं असू द्या. ‘सीसीएम’सारखं एन्क्रिप्शनचं मॉड्यूल जोडणी झाल्यावरच लोड होतं, आधी यादी घेतली तर ते सुटतं.

लाइव्हमध्येही कार्ड दिसत नसेल तर मधले टप्पे सोडून मशिन उघडण्याच्या भागाकडे जा.

कार्ड कोणतं आहे ते आकड्यांवरून ओळखा

आपल्या सिस्टिमवर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ द्या. ‘नेटवर्क कंट्रोलर’ अशी ओळ आणि तिच्यापुढे ०२८० हा वर्ग दिसायला हवा (इथरनेटचा वर्ग ०२००). लिनक्स फ्रॉम स्क्रॅचच्या मूळ पुस्तकात पीसीआययूटिल्स नाही, त्यामुळे कमांडच नसेल तर घाबरू नका. ‘/सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस’ खालच्या प्रत्येक उपकरणाच्या ‘क्लास’ फाइलीत ०एक्स०२८००० शोधा, आणि त्याच फोल्डरमधल्या ‘व्हेंडर’ आणि ‘डिव्हाइस’ या फाइली वाचा.

पहिला आकडा कंपनीचा: ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अ‍ॅथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. दुसरा चिपचा. खोक्यावरच्या नावापेक्षा या जोडीवर विश्वास ठेवा, कारण एकाच नावाखाली चिप बदलते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसरीत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. नाव तेच, ड्रायव्हर पूर्ण वेगळा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणी डोंगल आणला की मी आधी ‘एलएसयूएसबी’ मागतो, खोक्याचा फोटो नाही.

‘एलएसयूएसबी’मध्ये ०बीडीए:१ए२बी दिसलं तर तो डोंगल सध्या सीडी-रॉम बनून बसला आहे. त्याच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर असलेली खोटी सीडी असते. तिला ‘यूएसबी मोडस्विच’ने बाहेर काढलं की तोच डोंगल नव्या आकड्याने, खऱ्या रूपात येतो.

ड्रायव्हर बसला का

त्याच नोंदीत खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असते. ती असेल तर सरळ फर्मवेअरकडे चला. ती नसून फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ असेल तर ड्रायव्हर बांधलेला आहे, पण लोड झालेला नाही किंवा लोड होऊन हात टेकले आहेत. ‘मोडप्रोब’ने हाताने लोड करा आणि लगेच ‘डीमेसेज’चा शेवट वाचा.

दोन्ही ओळी नसतील तर थांबा. ड्रायव्हर खरंच बांधला नव्हता, की बांधलेला कर्नल चालतच नाहीये? ‘युनेम -आर’ने आवृत्ती आणि ‘युनेम -व्ही’ने कंपाइल केल्याची तारीख बघा. एका विद्यार्थ्याने मला सांगितलं की त्याने कर्नल तीनदा कंपाइल केला, तरी फरक नाही. तारीख बघितली तर आठवडाभरापूर्वीची. बूट विभाजन माउंट न करताच तो नवा कर्नल ‘/बूट’मध्ये टाकत होता, आणि ग्रब (बूटच्या वेळी कर्नल उचलणारा प्रोग्रॅम) इमानेइतबारे खऱ्या विभाजनातला जुनाच उचलत होता. तीन रात्री त्यात गेल्या होत्या. त्या दिवसापासून कुणीही असा प्रश्न घेऊन आलं की मी पहिल्यांदा तारीख विचारतो.

‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये ‘युनेम -आर’शी अक्षरन्‌अक्षर जुळणारं फोल्डर असायला हवं. नसेल तर ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ राहिलं आहे. असेल तर एकदा ‘डेपमॉड -ए’ चालवा. ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असं उत्तर म्हणजे मॉड्यूल एका बांधणीचं आणि कर्नल दुसऱ्या.

फर्मवेअर: दहातले बहुतेक इथेच अडकतात

वायफाय चिपच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याच्यावर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. बहुतेक कार्डांमध्ये तो कायमचा साठवलेला नसतो. दर बूटला ड्रायव्हर तो ‘/लिब/फर्मवेअर’मधून उचलतो आणि चिपमध्ये भरतो. कर्नलच्या सोर्सबरोबर पूर्वी थोडं फर्मवेअर यायचं, ते फोल्डर ४.१४ या आवृत्तीत काढून टाकलं. आता ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे वेगळं भांडार आहे. थोडक्यात, ड्रायव्हर बांधला म्हणजे फर्मवेअर आलं असं होत नाही. (अ‍ॅथेरॉसची ‘एटीएच९के’वर चालणारी जुनी पीसीआय कार्डं याला अपवाद. त्यांना फाइल लागतच नाही, म्हणून अशा कामांसाठी ती मला फार आवडतात.)

‘डीमेसेज’मध्ये ‘फर्मवेअर’ शोधा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर … फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ दिसली तर -२ चा अर्थ साधा आहे: फाइल सापडली नाही. पण इथे एक चकवा आहे. इंटेलचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ ड्रायव्हर सगळ्यात नव्या आवृत्तीची फाइल आधी मागतो, ती नसली की एकेक पायरी खाली उतरतो. त्यामुळे एएक्स२०० कार्डावर ‘आयडब्ल्यूएलवायफाय-सीसी-ए०’ने सुरू होणाऱ्या चार-पाच फाइली नाहीत अशा ओळी येऊन शेवटी ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ आलं, तर सगळं ठीक आहे. ‘आयडब्ल्यूएल-डीबग-योयो’ नावाची फाइल नाही अशी तक्रारही सोडून द्या, ती निव्वळ तपासणीसाठीची आहे. शेवटी ‘नो सुटेबल फर्मवेअर फाउंड’ आलं तरच चिंता. एएक्स२१० असेल तर मूळ फाइलीच्या जोडीला ‘पीएनव्हीएम’ प्रत्ययाची दुसरी फाइलही आहे का ते बघा.

फाइल तर आहे, तरी -२? मग ही तीन कारणं तपासा.

पहिलं कारण सगळ्यात जास्त आढळतं. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून न बांधता कर्नलमध्येच बांधलेला असतो, म्हणजे ‘एम’ऐवजी ‘वाय’. असा ड्रायव्हर बूटच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत उठतो आणि फर्मवेअर मागतो. तोवर रूट डिस्क माउंटच झालेली नसते. फाइल डिस्कवर, डिस्क अजून बंद, म्हणून ‘सापडली नाही’. पडताळणी सोपी आहे: ‘डीमेसेज’मध्ये ओळीच्या सुरुवातीला सेकंद असतात. फर्मवेअरच्या तक्रारीची वेळ आणि त्याखाली कुठेतरी असलेली ‘ईएक्सटी४’ (रूट डिस्कची फाइलसिस्टिम) माउंट झाल्याची वेळ ताडून बघा. तक्रार आधी आणि माउंट नंतर असेल तर दोष सापडला. खात्रीसाठी कंपाइल न करता रूट वापरकर्ता म्हणून कार्डाचा बसवरचा पत्ता (उदाहरणार्थ ००००:०३:००.०) ‘/सिस/बस/पीसीआय/ड्रायव्हर्स/आयडब्ल्यूएलवायफाय/बाइंड’ या फाइलीत लिहा. आता डिस्क उघडी आहे, त्यामुळे ड्रायव्हर पुन्हा प्रयत्न करतो आणि वायफाय डोळ्यांदेखत उठतं. हे घडताना बघणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा बदल मला दरवेळी आनंद देतो.

कायमचा उपाय म्हणजे ड्रायव्हर ‘एम’ करणं. सगळं कर्नलमध्येच हवं असा हट्ट असेल तर ‘कॉन्फिग_एक्स्ट्रा_फर्मवेअर’मध्ये फाइलीचं नाव देऊन ती कर्नलमध्येच मुरवता येते, किंवा इनिटरॅमएफएसमध्ये (डिस्कच्या आधी मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये) ठेवता येते. पण पुढे नवा कर्नल दुसऱ्या आवृत्तीची फाइल मागू लागला की हे नाव हाताने बदलावं लागतं, आणि ते विसरायला होतं. मी ‘एम’च करतो.

दुसरं कारण: फाइल दुसऱ्या डिस्ट्रोमधून उचललेली, आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एक्सझेड’ किंवा ‘झेडएसटी’. अशी दाबलेली फाइल वाचण्यासाठी कर्नलमध्ये ‘कॉन्फिग_एफडब्ल्यू_लोडर_कॉम्प्रेस’ आणि त्याखालचा नेमका प्रकार चालू लागतो. एक्सझेडची सोय ५.३ पासून आहे, झेडस्टँडर्डची ५.१९ पासून. कंपाइल करायचं नसेल तर फाइल उलगडून ठेवा, तेवढ्यानेही भागतं.

तिसरं: भांडारातल्या फाइली नुसत्या कॉपी केल्या. तिथली बरीच नावं प्रत्यक्ष फाइली नसून दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे असतात, आणि ते भांडाराची स्वतःची इन्स्टॉल पायरी चालवल्यावरच तयार होतात.

इंटेलबद्दल अजून एक. ‘ड्रायव्हर इन यूज’ दिसतो, फर्मवेअर लोड झालं असंही दिसतं, तरी इंटरफेस नाही? इंटेलचा ड्रायव्हर दोन तुकड्यांत आहे. ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ फक्त पाया आहे. वर ७००० मालिका आणि त्यानंतरच्या कार्डांना ‘आयडब्ल्यूएलएमव्हीएम’ आणि त्याआधीच्यांना ‘आयडब्ल्यूएलडीव्हीएम’ लागतं. (अगदी ताज्या वायफाय ७ कार्डांसाठी ‘आयडब्ल्यूएलएमएलडी’ वेगळं काढलं आहे.) मेनूमध्ये पाया निवडला आणि वरचा मजला राहिला, की नेमकं हे होतं. रिअलटेकच्या ‘आरटीडब्ल्यू८८’लाही तसंच आहे, तिथे आपल्या चिपच्या नावाचा पर्याय वेगळा निवडावा लागतो.

इंटरफेस आहे, जोडणी नाही

आधी बघा की दोन मालक तर नाहीत. नेटवर्कमॅनेजर पार्श्वभूमीत चालू आहे आणि आपण हाताने दुसरा सप्लिकंट सुरू केला, असं असेल तर दोघं एकमेकांना तोडत राहतात. ‘पीग्रेप’ने शोधा आणि एकच ठेवा.

‘अनसपोर्टेड ड्रायव्हर एनएल८०२११’ आलं तर सप्लिकंट बांधताना त्याच्या ‘.कॉन्फिग’मध्ये ‘कॉन्फिग_ड्रायव्हर_एनएल८०२११’ आणि ‘कॉन्फिग_लिबएनएल३२’ राहिलं आहे. नुसता सप्लिकंट पुन्हा बांधा, पाच मिनिटांचं काम आहे. राउटर फक्त डब्ल्यूपीए३वर असेल तर ‘कॉन्फिग_एसएई’ही लागतं. ते नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही. पडताळण्यासाठी राउटर थोडा वेळ डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र पद्धतीवर ठेवून बघा. ‘फोर-वे हँडशेक फेल्ड’ म्हणजे मात्र बहुधा पासवर्डच. सेटिंगच्या फाइलीत पासवर्ड अवतरणचिन्हांत लिहायचा असतो. चिन्हांशिवाय लिहिलं तर सप्लिकंट तो ६४ अंकी सोळामान किल्ली समजून वाचायला जातो.

खूप छाटलेल्या कर्नलवर ‘पीएफ_पॅकेट’बद्दल ‘ॲड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड’ असा संदेश येतो. ‘कॉन्फिग_पॅकेट’ गळलेलं असतं. सप्लिकंट आणि डीएचसीपी क्लायंट दोघंही कच्चे पॅकेट पाठवण्यासाठी त्यावर अवलंबून असतात, त्यामुळे एकाच पर्यायाने दोन वेगवेगळी लक्षणं उमटतात. ‘आयडब्ल्यूडी’ वापरत असाल तर त्याला कर्नलमधले एन्क्रिप्शनचे बरेच पर्याय लागतात. कोणते नाहीत ते सुरू होतानाच तो नावानिशी सांगतो, ती यादी वाचा.

पत्ता मिळाला पण साइट उघडत नाही, तर आधी १.१.१.१ ला पिंग करा. उत्तर आलं तर वायफाय निर्दोष आहे, बहुधा ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ (साइटच्या नावाचा पत्ता कुणाला विचारायचा ते सांगणारी फाइल) रिकामी आहे. आणि घड्याळ बघा. जुन्या लॅपटॉपची सीआर२०३२ बॅटरी संपली असेल तर तारीख काही वर्षं मागे जाते, सगळी प्रमाणपत्रं अवैध ठरतात, आणि दोष वायफायचा वाटतो.

५ गिगाहर्ट्‌झ दिसत नाही

‘आयडब्ल्यू रेग गेट’ द्या. देश ०० दिसत असेल तर कर्नल जगातल्या सर्वांत कडक नियमांवर चालतो आहे: बरेच चॅनेल तो फक्त ऐकतो, स्वतः बोलत नाही. भारतात २०१८ साली ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे परवानामुक्त झाले. पण हे कर्नलला कळायला ‘/लिब/फर्मवेअर’मध्ये ‘रेग्युलेटरी.डीबी’ आणि तिची सही असलेली ‘पी७एस’ फाइल लागते. ४.१५ पासून कर्नल ती थेट वाचतो. ‘फेल्ड टू लोड रेग्युलेटरी.डीबी’ दिसलं आणि फाइल जागेवर आहे, तर ही वरचीच गोष्ट: ‘सीएफजी८०२११’ कर्नलमध्ये बांधलंय आणि डिस्कच्या आधी उठतंय. ‘आयडब्ल्यू रेग रीलोड’, मग ‘आयडब्ल्यू रेग सेट आयएन’. इंटेलची नवी कार्डं देश स्वतः ठरवतात, त्यांच्यावर या शेवटच्या कमांडचा परिणाम होत नाही.

मधूनच तुटत असेल तर ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० लिंक’मध्ये सिग्नल बघा. -६५ डीबीएमच्या आसपास चांगला, -८० च्या खाली गेला तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. सिग्नल चांगला असूनही तुटत असेल तर ‘सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ करून दिवसभर वापरून बघा.

आता कर्नल

इथवर येऊन ‘हे राहिलंय’ अशी यादी हातात असेल तरच कंपाइल करा. लाइव्ह यूएसबीवरची ‘एलएसमॉड’ची यादी फाइलीत ठेवली असेल तर ‘मेक एलएसएमओडी=फाइल लोकलमॉडकॉन्फिग’ तिच्यावरून सेटिंग बनवून देतं, मात्र सुरुवातीला डिस्ट्रोच्या कर्नलचं पूर्ण ‘.कॉन्फिग’ समोर असलं पाहिजे. ते यादीत नसलेली मॉड्यूल काढतं, नवी आणत नाही. टेदरिंगचा फोन जोडलेला नसताना यादी घेतली तर त्याचा ड्रायव्हरही छाटला जातो. हाताने बघायचं तर ‘सीएफजी८०२११’, ‘मॅक८०२११’, ‘आरएफकिल’, ‘पॅकेट’, ‘एफडब्ल्यू_लोडर’, मग ‘कॉन्फिग_डब्ल्यूलॅन’खाली आपल्या कंपनीचा मेनू आणि त्यात आपल्या चिपचा ड्रायव्हर. जुना कर्नल ग्रबमध्ये राहू द्या. नवा उठला नाही तर परत यायला वाट हवी.

मशिन उघडणं

लाइव्ह यूएसबीवरही कार्ड दिसत नसेल तरच. आधी बायोसमध्ये वायरलेस बंद केलेलं नाही ना ते बघा. मग चार्जर काढा, आतली बॅटरी जोडणीतून सोडवा, हात एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला लावा, कार्ड काढून पुन्हा नीट बसवा. ॲंटेनाच्या बारीक गोल टोप्या सरळ वर उचला, सरळ खाली दाबा. हे कनेक्टर थोड्याच वेळा काढघाल करण्यासाठी बनवलेले असतात, यू.एफएल प्रकाराला साधारण ३० वेळा एवढंच आयुष्य धरतात. गंमत म्हणून काढू नका.

नवं कार्ड घेत असाल तर एक फरक लक्षात ठेवा. इंटेलचं एएक्स२०१ आणि ९५६० ही कार्डं अर्धीच असतात, उरलेला भाग इंटेलच्या चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या बोर्डावर ती खाचेत बसतील, पण कधीच चालणार नाहीत. तिथे एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस ठराविक कार्डंच स्वीकारतं आणि दुसरं घातलं तर बूटच थांबवतं.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

चालतं म्हणून माहीत असलेलं दुसरं कार्ड घालूनही ‘एलएसपीसीआय’मध्ये काही आलं नाही, तर दोष खाचेत किंवा मदरबोर्डवर आहे. तो घरी सुटणार नाही. ॲंटेनाचा कनेक्टर कार्डावरून उपटून आला तर साध्या सोल्डरिंग गनने जोडायला जाऊ नका, शेजारचे भाग वितळतात. उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर वायफायचं काम तिथेच सोडा, मशिन पुन्हा चार्जिंगला न लावता दुरुस्तीवाल्याकडे न्या. कार्डाची अट काढण्यासाठी कुठून तरी मिळालेलं बदललेलं बायोस घालू नका. वीज गेली किंवा फाइल चुकली तर आख्खा लॅपटॉप जातो. तो परत उभा करायला चिप बाहेरून लिहिणारं उपकरण आणि ते वापरणारा माणूस लागतो.

कॉलेज किंवा ऑफिसच्या नेटवर्कवरच अडत असेल आणि घरी चालत असेल, तर तुमच्या सिस्टिममध्ये शोधत बसू नका. तिथल्या नेटवर्क विभागाला कार्डाचा मॅक पत्ता, जोडणीची नेमकी वेळ आणि सप्लिकंटच्या ‘-डीडी’ लॉगची प्रत द्या (लॉगमध्ये पासवर्ड आलेला नाही ना, ते आधी बघून). त्यांच्या सर्व्हरवर नकाराचं कारण लिहिलेलं असतं, ते तुमच्याकडून दिसणारच नाही.

दुरुस्तीवाल्याकडे मशिन देताना लाइव्ह यूएसबीवर काय झालं आणि दुसरं कार्ड घालून काय दिसलं हे कागदावर लिहून द्या. तो दोन-तीन दिवस लावेल, तोवर एआर९२७१ चिपचा डोंगल दुसऱ्या मशिनवर काम चालवतो. त्याला ‘एटीएच९के_एचटीसी’ हा ड्रायव्हर आणि ‘एचटीसी_९२७१.एफडब्ल्यू’ ही एकच फाइल लागते. माझ्या बॅगेत तो कायम असतो.